स्पीकरवर सासूबाई

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई लेकीकडे थोडे दिवस म्हणून राहायला आल्या. हे थोडे दिवस म्हणजे नेमके किती, हे त्यांना विचारायचं कुणी, हा प्रश्न होता. मुलगी विचारणार नव्हती, कारण ती मुलगी होती. जावई विचारणार नव्हता, कारण तो जावई होता. आणि घरात तिसरं कुणी नव्हतं.

जावई लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. त्याच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक होता. आयुष्याची कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबण्यात गेल्यामुळे त्याचा पाय घरातही स्वस्थ बसत नसे. टीव्हीवर कुणी धावत रस्ता ओलांडला की पाय दाबला जाई. बायको बोलता बोलता भलत्या विषयाकडे वळायला लागली की पाय दाबला जाई. तिथे मात्र काही थांबत नसे.

दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे घरी येऊन हॉलमधल्या सोफ्यावर पाठ टेकायची, एवढी एकच चैन त्याला होती. आता त्या सोफ्यावर सासूबाई होत्या. पाय स्टुलावर, काठी हाताशी, आणि कानाला फोन. फोनवर त्यांची धाकटी बहीण. ती दूरच्या गावी राहायची आणि दुपारचं जेवण झालं की रोज न चुकता फोन करायची.

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. त्यांचं म्हणणं मात्र असं, की हल्ली लोकच पुटपुटतात. कानात घालायचं यंत्र मुलीनं आणून दिलं होतं. एकदा घालून त्यांनी ते काढून ठेवलं. "माझं मलाच चावणं ऐकू येतं," त्या म्हणाल्या, "ते ऐकून मी काय करू?" त्यामुळे रोज दुपारी घर दणाणून जाई.

"कोण पडलं? ... अगं बाई! कुठं पडलं? ... पडदे? पडदे कसे पडले? ... धुतले? मग पडलं कोण?"

जावई आतल्या खोलीत डोक्यावर उशी दाबून पडे, आणि उशीतूनही त्याला पडद्यांची सगळी हकीकत कळे.

"आईला एक छोटा स्पीकर आणू या," बायको एकदा जेवताना म्हणाली. "फोनला जोडला की आवाज मोठा येईल. वायरसुद्धा लागत नाही."

"विकत कशाला?" जावई म्हणाला. "मी घरी बनवतो."

बायकोचा घास हातातच राहिला. तिनं दारावरच्या घंटेकडे पाहिलं. नवऱ्यानं दुरुस्त केल्यापासून ती घंटा वाजत नव्हती, आणि येणारे जाणारे दारावर थापा मारत होते. मग तिनं भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं. तो नवऱ्याच्या हातून गेल्यापासून फक्त भिंतीला वारा घालत होता. ती काही बोलली नाही. अशा वेळी तिचं न बोलणं फार झोंबायचं.

पण या खेपेला जावयानं खरोखरच मनावर घेतलं होतं. शिकाऊ मंडळींची वाट बघत गाडीत बसल्या बसल्या त्यानं फोनवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला होता, आणि त्यातला माणूस हे काम अंडं उकडण्याइतकं सोपं असल्यासारखं करत होता. माळ्यावर जुना टीव्ही होताच. त्याच्या पोटातून त्यानं दोन स्पीकर काढले. बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतले जे सेल अजून धड होते ते निवडले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी आणली. फोनचा आवाज हवेतून पकडायचा, मोठा करायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज परत पाठवायचा, हे सगळं ती पट्टी करणार होती. तिच्यावर मोहरीएवढा माइकसुद्धा होता. सेल तापून पेटू नयेत म्हणून चार्जिंगची आणखी एक चिमुकली पट्टी घेतली.

"साहेब, तयार स्पीकर आहेत की," दुकानदार सहज म्हणाला. "घेऊन जा, डोक्याला ताप नाही."

"ताप हवाय मला," जावई म्हणाला आणि पाठ फिरवून निघाला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं हॉलमध्येच वर्तमानपत्र पसरून दुकान मांडलं. सासूबाईंना आयतीच करमणूक झाली. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की त्या शिंकत, आणि शिंक आवरली की सूचना करत.

"जावईबापू, ती लाल वायर एकटीच राहिली."

"तिला शेवटी जोडायचीय, आई."

"आँ?"

"शेवटी!"

"लेकीची? तिची काय वायर?"

सगळं जोडून झाल्यावर त्यानं बटण दाबलं. त्याबरोबर पट्टीच्या आतली एक बाई कुठल्याशा अगम्य भाषेत अशी किंचाळली, की त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर उडाला. फोन जोडला गेल्याची ती वर्दी होती, हे नंतर लक्षात आलं. बायको आतून धावत आली. पण सासूबाईंचा चेहरा उजळला होता.

"कोण आलं गं?" त्या म्हणाल्या. "बाई स्पष्ट बोलते हो! नाहीतर तुम्ही."

आता प्रश्न पेटीचा होता. जावयानं स्टीलचा एक झकास डबा निवडला, त्याला दोन भोकं पाडली आणि सगळा संसार आत बसवला. झाकण उघडं असेपर्यंत स्पीकर खणखणीत वाजायचा. झाकण लावलं की घुसमटायचा, तुटक तुटक व्हायचा आणि गप्प बसायचा. झाकण काढलं की पुन्हा सुरू. त्यानं वायरी तपासल्या, सेल बदलले, डब्याला खालून थापट्या मारल्या. सासूबाई बराच वेळ बघत होत्या.

"माझ्या लेकीसारखंच आहे," त्या म्हणाल्या. "दाबून ठेवलं की बोलत नाही."

जावई हसला, आणि हसता हसता थबकला. सगळीकडून धातू! हवेतून येणाऱ्याला आत शिरायला जागाच कुठं होती? त्यानं डबा परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. दोन भोकांसकट. त्यावर जे बोलणं झालं ते इथं सांगण्यासारखं नाही.

शेवटी बायकोची शिवणाच्या सामानाची लाकडी पेटी कामी आली, आणि बटणं, रिळं, सुया जेवणाच्या वाटीत राहायला गेल्या. भोकं गोल पाडायची होती. ती बटाट्याच्या आकाराची झाली. ती झाकायला जुन्या चाळणीची जाळी लावली. पहिल्या चाचणीत आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला, कारण दोनपैकी एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. त्या सुलट केल्या. तरी पेटी घुमत होती, म्हणून जावयानं स्वतःच्या उशीतला मूठभर कापूस काढून आत कोंबला. आणि मग त्याच्या फोनवरून एक गाणं असं सुरेख वाजलं, की बायको दारात उभी राहून ऐकत राहिली.

"वाजतोय की!" ती म्हणाली. तिच्या आवाजातलं आश्चर्य त्याला आवडलं नाही, पण तेवढं त्यानं पोटात घातलं. मग त्यानं सासूबाईंचा फोन पेटीला जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका शिकाऊ माणसानं आयत्या वेळी शिकवणी रद्द केली आणि जावई घरी आला. सासूबाई सोफ्यावर दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांना तो आल्याचं कळलंही नाही. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि चहासाठी दूध तापत ठेवलं. एवढ्यात हॉलमधून ती परक्या भाषेतली बाई किंचाळली, आणि तिच्या मागोमाग मावससासूबाईंचा आवाज घरभर घुमला.

"आक्का! ऐकू येतंय का?"

"अगं, शेजारी बसल्यासारखी बोलतेस! जावईबापूंनी पेटी केलीय, त्यातून येतोय आवाज."

"ब्रेकवाल्यांनी? आणि वाजतेय?"

स्वयंपाकघरात जावयाचा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. ब्रेकवाले?

"हो गं. हुशार नाहीत, पण चिकाटी फार. कुठल्या तरी चाळणीचा जीव घेतलाय, पण केली हो पेटी."

"आहेत का घरात?"

"नाहीत, गेले शिकवायला."

बाहेर जाऊन आपण आहोत असं सांगावं, की इथंच उभं राहावं? जावई विचार करत राहिला आणि दूध वर आलं. त्यानं पातेलं अलगद उचललं आणि तसाच हातात धरून उभा राहिला. ज्या बाईंना दारावरची थाप ऐकू येत नव्हती, त्यांना चाहूल लागू नये म्हणून तो श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

"गुडघा काय म्हणतोय?" पेटीनं विचारलं.

"गुडघ्याला काय धाड भरलीय? परवा घरात कुणी नव्हतं, तर गच्चीवर जाऊन आले."

"चढून? मग ती काठी कशाला बाळगतेस?"

"काठी टाकली की बॅग भरावी लागेल." पुढचं सासूबाई अगदी हळू बोलल्या, पण त्यांचं हळू म्हणजे इतरांचं नेहमीचं. "घरी जाऊन करू काय? कुलूप काढायचं, आत जायचं आणि आतून कडी घालायची. मग सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं? इथं ही दोघं भांडतात तरी. बसते बघत."

"तुला ऐकू कुठं येतं?"

"हातवारे दिसतात ना."

पेटीतून हसू आलं, मग नुसताच खरखराट आला. जावयाच्या हातातलं पातेलं चांगलंच पोळत होतं. त्यानं ते खाली ठेवलं आणि गॅस बंद केला. चवड्यांवर चालत तो सोफ्यामागून बाहेर पडला, दार ओढून घेतलं, जिन्यात थोडा वेळ उभा राहिला, आणि मग जोरजोरात दार बडवून पुन्हा घरी आला.

"आज लवकर?" सासूबाईंनी विचारलं. काठी एव्हाना हातात आली होती.

"शिकवणी रद्द झाली," तो म्हणाला. "पाय कसा आहे?"

"ठणकतोय हो."

"मग उठू नका," तो म्हणाला. "चहा आणतो."

बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचा, आणि सांगितलं तर सासूबाई लेकीसमोर खोट्या पडतील या विचारानं मिटायचा. आतापर्यंत तो मनातल्या मनात सोफा मोकळा व्हायची वाट बघत होता. बायकोजवळ ते एकदोनदा बोलूनही दाखवलं होतं. आता त्याच सोफ्याकडे बघितलं की त्याला ते कुलूप आणि ती कडी आठवायची.

गुडघा दाखवायचा दिवस आला. बायको त्याच रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. तिला खिडकी सोडता येईना, म्हणून जावईच सासूबाईंना आत घेऊन गेला. बिचाऱ्या इतक्या घाबरल्या होत्या, की डॉक्टरांच्या दारातून शिरताना भलत्याच पायानं लंगडत होत्या. जावयाच्या ते लक्षात आलं. त्यानं लगबगीनं पुढं होऊन आपलं अंग डॉक्टर आणि तो पाय यांच्या मधे घातलं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. तपासणी झाल्यावर सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवून तो पुन्हा आत गेला.

"डॉक्टर, थोडी विश्रांती आणखी लिहून द्या ना."

"कुणाला? गुडघा तर उत्तम आहे त्यांचा."

"उत्तम आहे, पण लेकीकडेच राहून विश्रांती घ्यावी, असं काहीतरी लिहा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही जावईच ना?"

"हो."

"आजवर माझ्याकडे आलेले जावई उलटं लिहून मागायचे," डॉक्टर म्हणाले. पण लिहून दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. उतारावर थांबवलेली गाडी मागं न घसरता पुन्हा सुरू कशी करायची, हा धडा जावई आपल्याच गल्लीत द्यायचा, कारण त्याच्या घराखालीच चांगला उतार होता. त्या दुपारी शिकायला दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. लोकांच्या तोंडात बेधडक यंत्र घालणाऱ्या या बाई स्टिअरिंगला हात लावला की थरथरायच्या. गाडी बरोबर घराच्या खिडकीखाली थांबवली होती आणि जावयाचा फोन वाजला. बायकोचा होता. त्यानं उचलला.

"हॅलो," तो म्हणाला. फोनमधून काहीच आवाज येईना. "हॅलो? हॅलो?"

आणि मग त्याला बायकोचा आवाज ऐकू आला. तो फोनमधून येत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून येत होता.

पेटीच्या ओळखीचे फोन दोनच होते. सासूबाईंचा, आणि ज्याच्यावर पहिली चाचणी झाली तो जावयाचा. सासूबाईंचा फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. पेटी मोकळीच होती, आणि खाली गल्लीत आलेला ओळखीचा फोन तिनं तत्परतेनं पकडला होता.

"आत्ता डॉक्टर भेटले," खिडकीतून बायको कडाडली. "म्हणाले, आईचा गुडघा केव्हाच बरा झालाय! तुमच्या मिस्टरांनी विश्रांती वाढवून मागितली म्हणाले! हे काय चाललंय तुझं? सोफा कधी मोकळा होणार म्हणून तूच माझं डोकं खात होतास ना?"

जावयाचा पाय ब्रेकवर असा आदळला, की डॉक्टरीणबाई किंचाळल्या. त्यानं हँडब्रेक ओढला, "ब्रेकवरून पाय काढू नका, आलोच," असं ओरडला आणि जिन्याकडे धावला.

जिन्यात असतानाच त्याला सासूबाईंचा आवाज आला. त्या पेटीशी बोलत होत्या.

"सोफा? कुणाला हवाय सोफा?"

पेटी बारीक आवाजात म्हणाली, "आई? तू कशी आलीस फोनवर?"

"मी कुठं आले? तूच आलीस पेटीत."

जावई धापा टाकत आत शिरला तेव्हा सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. ताठ, काठीशिवाय. त्याला बघून त्या काठीकडे वळल्या, मग ते तसंच राहू दिलं.

"जावईबापू, डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"सोफा हवा असताना?"

"हो."

"का?"

आता खोटं बोलायला त्याच्याकडे दमच शिल्लक नव्हता. "तुम्ही मावशींना सांगितलंत ते मी ऐकलं. कुलपाचं. मी स्वयंपाकघरात होतो."

"घरात होतात? मग आला नाहीत बाहेर?"

"हातात दूध होतं."

"कसलं कुलूप?" पेटीतून बायको म्हणाली. "मला कुणी काही सांगणार आहे का?"

सासूबाई सोफ्यावर बसल्या. पेटीकडे न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी जे बहिणीला सांगितलं होतं ते लेकीला सांगितलं. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यामुळे तो तिकडे नोंदणीच्या खिडकीवर रांगेतल्या लोकांनीही ऐकला असणार.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," सासूबाई म्हणाल्या. "तू रोज गुडघ्याचं विचारायचीस. गुडघ्याचं मी सांगत होते."

"तेही खोटंच सांगत होतीस."

"हो, पण सांगत होते ना?"

पेटीतून एक विचित्र आवाज आला. बायको रडतेय की हसतेय हे जावयाला कळेना. बहुतेक दोन्ही असावं. मग तिनं नाक ओढलं आणि नोंदणीवरच्या माणसाच्या सुरात म्हणाली, "आता कुठंही जायचं नाही. मी घरी येते, मग बोलू." इतक्यात खालून गाडीचा भोंगा वाजायला लागला आणि थांबेचना. डॉक्टरीणबाईंचा पाय अजून ब्रेकवर होता आणि त्याला गोळा आला होता.

संध्याकाळी बायको आली ती चप्पल काढून सरळ आईच्या शेजारी जाऊन बसली. कुणी कुणाला आधी सांगायला हवं होतं यावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. जावई हातवारे बघत बाजूला बसून राहिला. भांडणाच्या शेवटी असं ठरलं, की सासूबाईंनी इथंच राहायचं, त्यांचं घर एखाद्या बऱ्या कुटुंबाला राहायला द्यायचं, आणि जावयाच्या मोडक्या यंत्रांनी भरलेली मागची खोली सासूबाईंना द्यायची. सोफा जावयाला परत मिळाला. यंत्रं कुठं जाणार, हे त्यानं विचारून पाहिलं, पण त्या दोघींना ते ऐकू आलं नाही.

एक काम राहिलं होतं. आपलं सगळं बोलणं घरभर ऐकू जातं, हे धाकट्या बहिणीला अजून माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जावई घरीच होता. पेटी किंचाळली, बहीण बोलू लागली, आणि सासूबाईंनी तिला मधेच थांबवलं.

"हे बघ, तुला एक सांगायचंय. या पेटीतून तू बोलतेस ते जावईबापूंनाही ऐकू येतं."



"सगळं?" बहिणीनं विचारलं.

"सगळं."

"ब्रेकवाले म्हटलेलंसुद्धा?"

"तेसुद्धा."

"आणि गेल्या आठवड्यात माझ्या नणंदेचं सांगत होते, ते?"

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. त्यानं मान डोलावली.

"ते पण ऐकलं म्हणतात."

पेटीतून नुसती खरखर आली. फोन ठेवला की काय, असं वाटून जावई अस्वस्थ झाला. माफी मागावी म्हणून तो पेटीजवळ सरकलाही. तेवढ्यात पेटीनं घसा साफ केला.

"मग त्यांना बस म्हणावं," ती म्हणाली. "नणंदेचं पुढचं मी अजून सांगितलेलंच नाही."

जावयानं स्टूल ओढलं आणि बसला.